कूचबिहारच्या मावशीचा जिराफ

कोलकात्याचा हिवाळा माणसाला क्षमा करत नाही, असं आमचे भवतोषमामा दर डिसेंबरात गंभीरपणे सांगतात. या हिवाळ्याने आजवर आमच्या घरातलं कुणी नेलेलं नाही. एकदा मामांची शाल तेवढी गेली, तीही ते मिठाईच्या दुकानात खजुराच्या नव्या गुळाचे संदेश निवडत असताना.

तरीही पाहुण्यांना शहर दाखवायचं काम मामांचंच. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर आहेत आणि भूगोल त्यांच्यावाचून अडतो अशी त्यांची समजूत आहे. यंदा पाहुणी होती त्यांची थोरली बहीण, कूचबिहारची कुमुदिनीमावशी. तिला अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयातला जिराफ बघायचा होता. हत्तींचं तिला अप्रूप नव्हतं, ते तिच्या परसातल्या केळी खाऊन गेले होते. जिराफ मात्र दोनदा हुकला होता. एका वर्षी नाताळची गर्दी बघून मंडळी वाटेतल्या पुलावरूनच परतली. पुढच्या वर्षी धुकं आहे म्हणून मामांनी तिला उंबरा ओलांडू दिला नाही. आता शुक्रवारी सकाळी तिची परतीची गाडी होती, आणि गुडघे बघता पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येणं होईलसं तिला वाटत नव्हतं.

मामांनी सूचना दिल्या. ऊन पसरेपर्यंत बाहेर पडायचं नाही, हवेत ओल असते. टॅक्सीचं भाडं आधी ठरवायचं आणि ठरल्यावर घासाघीस करायची. पैसे दोन ठिकाणी ठेवायचे आणि कुठे ठेवलेत ते चारचौघांत बोलायचं नाही. हे त्यांनी बसथांब्यावर, चारचौघांत, खिसे दाखवत समजावलं. बाहेरचं खायचं नाही, लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि आलूदम घरून न्यायचा. आणि माकडटोपी सक्तीची.

“खोका,” मावशी म्हणाली. सत्तरीला आलेल्या मामांना ती अजून बाळ म्हणूनच हाक मारते. “असल्या थंडीत आमच्याकडे पंखा लावतात.”

“दीदी, तुमच्याकडची थंडी सरळमार्गी असते. इथली कानातून शिरते.”

मावशीने टोपी घातली. जिराफासाठी माणूस बरंच सोसतो.

मामांचा हुकमी एक्का होता दिवसाची निवड. त्यांची बस प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावरून जाते आणि त्यांनी निरीक्षण करून ठेवलं होतं. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, गुरुवारी चिटपाखरू नसतं. एवढी साधी गोष्ट लाखो लोकांच्या कशी लक्षात येत नाही, याचं त्यांना नवल वाटे. आम्ही गुरुवारी गेलो.

खरंच गर्दी नव्हती. शेंगदाणेवालासुद्धा नव्हता. “बघितलंस, दीदी? याला नियोजन म्हणतात,” मामा म्हणाले.

मावशी फाटकाच्या कुलपाकडे बघत होती.

स्टुलावर ऊन खात बसलेल्या पहारेकऱ्याच्या डोक्यालाही माकडटोपी होती. त्याने तोंडापुरती ती बाजूला सारून सांगितलं, की गुरुवारी बंद असतं. कधीपासून, असं मामांनी करड्या आवाजात विचारलं. आपल्याला नोकरी लागायच्या आधीपासून, असं तो म्हणाला.

मावशीने पहारेकऱ्याला विचारलं, “जिराफ आत आहे ना रे बाबा? की त्यालाही सुट्टी?”

त्याने डोकं खाजवलं आणि भिंतीचा पलीकडचा कोपरा दाखवला. दुपारी तिथे उंचावर चारा टांगतात, मावशी, नशीब असलं तर मान दिसेल.

कोपऱ्यासमोरच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. मावशीने माकडटोपी काढून तिची उशी केली आणि गुडघ्याखाली घेतली. पाठीवर ऊन, पुढ्यात लुच्या आणि सोललेली संत्री. मामा मफलर आवळून लांब उभे होते, जणू आमच्याबरोबर आलेच नव्हते.

मग भिंतीच्या वर मान आली. सावकाश, चघळत. तिने आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चाऱ्यात लक्ष घातलं. मावशीच्या हातातली लुची हातातच राहिली. ती इतका वेळ बघत होती, की शेवटी मामाही शेजारी येऊन टेकले.

“खोका,” मान नाहीशी झाल्यावर ती म्हणाली, “एवढी लांब मान उघडी, आणि त्याला काही होत नाही बघ.”

मामांनी मफलर सैल केला आणि आलूदमाचा डबा ओढून घेतला.

मावशी शुक्रवारी गेली. कोलकात्याला निघालेल्या प्रत्येकाला ती आता सांगते, की जिराफ गुरुवारीच बघावा. गर्दी नाही, तिकीट नाही, लुच्या घरच्या. जानेवारीत तिच्या ओळखीची दोन कुटुंबं तशी गेली. त्या दिवशी चारा दुसऱ्या बाजूला टांगला होता.