दोन स्पीकरांच्या मधोमध

चष्म्याच्या डबीतून तिनं पेन ड्राइव्ह काढला आणि काउंटरवर ठेवला.

“तुमचं गाणं पुरे. आता हे लावा.”

दुकानदाराला ते जरा लागलंच. गेली पंधरा मिनिटं तो आपलं ठेवणीतलं गाणं वाजवून दाखवत होता. त्यातला ढोल घुमला की कपाटाच्या काचा थरथरायच्या आणि त्याचा चेहरा खुलायचा. टेबलाखाली ठेवायचं एक मोठं खोकं आणि वर दोन चिमुकले स्पीकर, असा तो संच होता. गिऱ्हाईक एवढ्यावर खूश होतं असा त्याचा अनुभव. ही बाई मात्र स्टुलावर ताठ बसून होती.

“छातीत धडधडतंय नुसतं,” ती म्हणाली. “कानात काही जात नाहीये.”

“हल्ली सगळे हेच नेतात, बाई.”

“नेऊ देत की. मला माणसाचा गळा ऐकायचाय. आणि बजेट मघाशी सांगितलं तेवढंच, बरं का. त्याच्या वर मला चढवू नका.”

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. बावीस वर्षं तेच काम. समोरच्याच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायची, हे बरं की हे? माणसं कशी फसतात ते तिला पाठ झालं होतं. ज्या काचेतून अक्षरं जास्त काळी दिसतात ती त्यांना आवडते. ती बरोबर असतेच असं नाही, आणि चार दिवसांनी डोकं धरून परत येतात ते हेच लोक. तेव्हा ढोलाला भुलणाऱ्यांतली ती नव्हती.

“असं करू,” ती म्हणाली. “मी डोळे मिटते. कोणता लावलाय ते सांगायचं नाही, किंमतही सांगायची नाही. नुसतं पहिला, दुसरा म्हणा.”

दुकानदार हसला. “परीक्षाच घेताय की.”

“रोज घेते. आज माझी आहे.”

हे तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिला स्वतःलाच कसंतरी झालं.

कारण खरंच तसं होतं. तीन आठवड्यांपूर्वी, दुपारी डबा खाताना, तिच्या मोबाइलवर चिमीचा निरोप आला होता. चिमी म्हणजे तिची धाकटी बहीण. अकरा वर्षांत दोघींत चकार शब्द नव्हता. आणि आता एकदम हे: ‘गायनशाळा बंद झाली. जुन्या टेपा वाटून टाकल्या, त्यात आपली निघाली. पाठवतेय. मोबाइलवर ऐकू नकोस. चांगल्या स्पीकरवर ऐक, दोन्हींच्या मधोमध बसून.’ बस, एवढंच. कशी आहेस नाही, काही नाही.

तिनं अर्थातच लगेच मोबाइलवर ऐकलं. डबा तसाच राहिला.

चौतीस वर्षांपूर्वीची टेप. ती सतरा वर्षांची, चिमी तेराची. गायनशाळेच्या मोठ्या बाई दोघींना पुढच्या शिक्षणासाठी निवडणार होत्या, कारण दोघी एकत्र गायला लागल्या की एकच मुलगी गातेय असं वाटायचं. आवाज इतके सारखे की दाराआडून कोण बोलतंय ते आईलाही कळायचं नाही. आई बिचारी कायम दोघींना हाका मारायची, जी येईल ती आपली. त्या दिवशी गाणं छान झालं, फक्त शेवटचा लांब वरचा सा तेवढा उतरला. मोठ्या बाईंनी डोळे उघडून विचारलं, “कोण उतरलं?”

“चिमी,” ती म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं, शेजारून चिमीचा सूर वरून खाली घसरत आला तो. चिमीनं मान खाली घातली, तोंडाला कुलूप. निवड एकीचीच झाली. थोरलीचं गाणंही पुढे दोन वर्षांत संपलं, बाबांचं दुखणं निघालं आणि ती नोकरीला लागली. पण चिमी त्या दिवसानंतर कधी गुणगुणलीसुद्धा नाही, भांडी घासतानाही नाही.

तेही पोटात गेलं असतं. पण आई गेल्यानंतर सगळे नातेवाईक जमले होते. कुणीतरी म्हणालं, आईला आवडायचं ते गाणं म्हणा गं दोघी. आणि ती, काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, रडता रडता हसून म्हणाली, “चिमीला नका सांगू. तिचा सूर ऐन वेळी दगा देतो.” थट्टेत म्हणाली होती. दोघंतिघं हसलीही. चिमी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं निघून गेली. मग फोन कमी झाले, मग बंद झाले. आधी हिला राग होता, एवढं काय ते मनाला लावून घ्यायचं म्हणून. पुढे राग कुठेतरी विरून गेला आणि नुसती चिमी हवीशी वाटत राहिली. दुकानात दोन बहिणी एकमेकींना फ्रेम लावून दाखवायला लागल्या की ती उगाच आत जाऊन पाणी पिऊन यायची.

मोबाइलवर तिला नवं काही ऐकू आलं नाही. शेवटी सूर उतरला, जसा आठवत होता तसाच. मग चिमीनं हे पाठवलं कशाला? माफी मागतेय, की मागायला लावतेय? तीन आठवडे ती उत्तर लिहीत होती आणि पुसत होती. कानात बोंडं घातली की तिला गुदमरायला व्हायचं, त्यामुळे इअरफोनचा प्रश्नच नव्हता. शेवटी तिनं ठरवलं, चिमीनं सांगितलंय ना चांगल्या स्पीकरवर, तर चांगल्या स्पीकरवरच ऐकायचं. चष्म्याच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर मालकांनी तिला देऊन टाकला होता, त्याला जोडता येतील. यात चूक करून चालणार नव्हती. एवढ्या वर्षांनी बहीण काहीतरी म्हणत होती आणि ते हिला धड ऐकू येत नव्हतं.

“पहिला,” दुकानदार म्हणाला.

खोकं घुमलं. टेपेची खरखर, कुणीतरी खुर्ची सरकवली, सगळं कांबळ्याखालून आल्यासारखं. तिनं हात वर केला. “नको.”

“दुसरा.”

हा गोड होता. आवाज मऊ, खरखरही मवाळ झालेली. दोन्ही गळे एकमेकांत असे मिसळलेले की आई असती तर तिनंही दोन्ही नावं घेतली असती. तिनं डोळे उघडले. मॉनिटरखाली ठेवायची स्पीकरची एक लांबट पट्टी होती ती.

“बजेटात आरामात बसते,” दुकानदार म्हणाला. “जुन्या रेकॉर्डिंगला तर झकास. त्यातले बारीकसारीक दोष ऐकूच येत नाहीत.”

“दोष ऐकू येत नाहीत?”

“गाणं ऐकायचंय, बाई. दोष घेऊन काय करायचंय?”

तिलाही क्षणभर तसंच वाटलं. पट्टी घ्यावी, घरी जावं, हवं तेव्हा दोघींना गोड ऐकावं आणि चिमीला लिहावं, ऐकलं, छान वाटलं. विषय संपला. पण मधोमध बस, असं चिमीनं लिहिलं होतं. एका पट्टीच्या मधोमध बसणार कसं?

“तिसरा आहे का काही?”

दुकानदारानं कान खाजवला. मग आतून दोन लाकडी पेट्या आणल्या, डिक्शनरीएवढ्या. एकीच्या कोपऱ्याला टवका उडाला होता. “हे मांडून ठेवलेले होते, डाग पडला म्हणून कमी करून देईन. पण आधीच सांगतो, यांत ढोल नाही घुमत. लोक दोन मिनिटं ऐकतात आणि नाक मुरडून जातात.”

त्यानं ते हातभर अंतरावर ठेवले, तोंडं जरा तिच्याकडे वळवली, आणि तिला स्टूल थोडं पुढे सरकवायला लावलं. “हां, आता बरोबर मध्ये आलात.”

तिनं डोळे मिटले.

खरखर. मग मोठ्या बाईंचा आवाज, मधून: “दोन्ही माइक चालतायत का बघू. थोरली आधी.”

“सा,” उजवीकडून.

“आता धाकटी.”

“सा,” डावीकडून.

तिनं स्टूल दोन्ही हातांनी पकडलं. मोबाइलवर हे दोन सा एकामागून एक आले होते, एवढंच. इथे त्यांच्यामध्ये जागा होती. डावीकडे चिमी उभी होती, नेहमीसारखी, कारण डाव्या हातानं चिमीचं बोट धरायचं आणि गाणं उचलायच्या आधी ते दाबायचं, ही त्यांची खूण. तेरा वर्षांची चिमी तिथे श्वास घेत होती.

गाणं सुरू झालं. ती दोघींच्या मधोमध बसून राहिली. शेवटचा सा आला, लांब, वर, आणि मग उजवीकडचा आवाज हळूच खाली बसायला लागला.

उजवीकडचा.

तिनं डोळे उघडून दोन्ही पेट्यांकडे पाहिलं.

“पुन्हा,” ती म्हणाली. आणि लगेच, “थांबा. आधी वायरी उलट लावा. डावीची उजवीला.”

“काय फरक पडणार आहे?”

“लावा हो.”

कुणी चष्म्याचा नंबर मान्य करेना की ती काचा उलटसुलट करून परत तपासायची. डोळ्यात दोष असला तर तो काचेबरोबर जात नाही. दुकानदारानं पुटपुटत वायरी बदलल्या. आता “थोरली” म्हटल्यावर सा डावीकडून आला. आणि शेवटी, डावीकडचा आवाज खाली बसला. दोष स्पीकरचा नव्हता, तो थोरलीच्या आवाजामागोमाग चालत आला होता.

आता तो कुणाचा हे शोधायचं राहिलं नव्हतं, म्हणून तिनं या खेपेला दुसरीकडे कान दिला. चिमीचा सूर जागच्या जागी होता. सरळ. वरच. एक क्षणभर दोन्ही आवाज एकमेकांना घासले, आणि मग चिमीनं तो बरोबर असलेला सूर सोडला आणि हळूहळू खाली येऊन हिच्या सुराला लागली. शेवटचा श्वास संपेपर्यंत दोघी एकत्रच होत्या, चुकीच्या जागी.

घसरत आलेला चिमीचा सूर तिनं तेव्हा बरोबरच ऐकला होता. तो कुठून आणि कशाला आला, तेवढं ऐकलं नव्हतं.

“यातली पहिली जरा घसरली बघा,” दुकानदार सहज म्हणाला. त्याचा कान तयार होता म्हणायचा. “पण दुसरीनं सोडलं नाही तिला.”

चष्मा काढून तिनं पदरानं पुसला, परत लावला, परत काढला.

“पट्टी देऊ का मग? ती गोड वाजते.”

“नको. हेच द्या. टवक्यासकट.”

तो बिल करायला आत गेला. तिनं मोबाइल काढला. लिहायला घेतलं असतं तर परत पुसलं असतं, म्हणून सरळ नंबर लावला. चार वेळा वाजला. पाचव्यांदा उचलला, आणि पलीकडून कुणी काही बोललं नाही. पण तो श्वास तिनं आत्ताच ऐकला होता.

“चिमे.”

“ऐकलंस?” आवाज अगदी हिच्यासारखाच. फक्त थोडा थकलेला.

“ऐकलं.”

“कशावर?”

“चांगल्या स्पीकरवर. मधोमध बसून.” तिला पुढचं सुचेना. मग एकदम आलं. “मी चुकले होते गं. आणि तेव्हा पण, आई गेली तेव्हा. सगळ्यांसमोर.”

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता.

“पण तुझा लागला होता ना,” ती म्हणाली. “बरोबर लागला होता. मग तू कशाला उतरलीस खाली?”

पलीकडचा नळ कुणीतरी बंद केला.

“तू एकटी होतीस ना तिथे,” चिमी म्हणाली.

दुकानदार बिल घेऊन बाहेर आला आणि तिच्याकडे बघून तसाच दारात थांबला. बाई दोन स्पीकरांच्या मध्ये स्टुलावर बसली होती, उजव्या हातानं फोन कानाला धरून. डाव्या हाताची मूठ मांडीवर घट्ट मिटलेली होती, आत कुणाचं तरी बोट असावं तशी. त्यानं बिल काउंटरवर ठेवलं आणि वायरी गुंडाळायला घेतल्या.