अकरा महिने उघडा राहिलेला चाकू

मी एक जुना, खिशातला, मिटता चाकू आहे. जुना म्हणजे किती ते विचारू नका. माझ्या हाडाच्या मुठीला मुळात काकवीचा रंग होता, तो हाताळून हाताळून आता दुधाच्या चहासारखा झाला आहे, एवढंच सांगतो. दोन पाती, एक स्प्रिंग, आणि मिटताना येणारा ‘कट्’ असा आवाज. त्या आवाजाचा मला फार गर्व आहे, मित्रांनो, आणि तो मी लपवणार नाही.

एका छोट्या कारखान्यात, जाड चष्म्याच्या एका बाईंनी मला जोडलं. स्प्रिंग नीट बसेना म्हणून त्यांनी ती तीनदा काढून कानसली. चौथ्यांदा माझा आवाज ऐकला आणि त्या स्वतःशीच हसल्या. पुढे अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरांतल्या हॉइट नावाच्या सुताराने मला खिशात घातलं, ते चाळीस वर्षं. मी दोऱ्या कापल्या, पेन्सिलींना टोकं काढली. त्याच्या लग्नाचा केकसुद्धा मीच कापला, कारण मोठी सुरी ऐन वेळी कुणाला सापडेना.

माझं पोलाद साधं. सफरचंदाचा रस लागला की डाग पडतो. असे हजारो डाग एकमेकांत मिसळून माझ्या पात्यावर निळसर करडी झाक आली होती. तीच माझी श्रीमंती.

गावात बियाण्यांच्या दुकानापुढे एक लांब बाक आहे. दर शनिवारी सकाळी तिथे चाकूवेडी माणसं जमतात. चाकू या हातातून त्या हातात फिरतात, कौतुक होतं, अदलाबदल होते, आणि थापा तर विचारूच नका. नियम एकच. चाकू ज्याने उघडला, त्यानेच मिटायचा. दुसऱ्याने मिटला तर अपशकुन. उघडा हातात आला तर उघडाच परत द्यायचा.

बाकावरचा हॉइटचा जिवलग म्हणजे आर्लिस, टपालाची गाडी चालवून निवृत्त झालेला. एका शनिवारी हॉइटने मला आर्लिसच्या हातात ठेवलं आणि बदल्यात त्याचा एकपाती चाकू घेतला. चाळीस वर्षं खिशात वागवलेला चाकू माणूस सख्ख्या भावालाही देत नाही.

आर्लिसला इतका आनंद झाला की त्याने माझं भलं करायचं ठरवलं. त्याच्याकडे पॉलिशचं चाक होतं. ते सुरू करून त्याने माझं पातं त्यावर धरलं, आणि अर्ध्या तासात मी नव्या चमच्यासारखा लखलखीत झालो. मला रडूच आलं असतं, पण चाकूला ती सोय नाही.

पुढच्या शनिवारी त्याने मोठ्या ऐटीत मला उघडलं आणि टोमॅटो कापायला हॉइटच्या हातात दिलं. हॉइटने मला उजेडात उलटसुलट करून पाहिलं.

“लेका, चाळीस वर्षं पुसून टाकलीस,” तो म्हणाला.

“चकाचक केला तर तुला पोटदुखी? ठेव मग तुझ्याकडेच,” आर्लिस म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

जाताना त्याने मला मिटलं नव्हतं. हॉइटला मिटता येणार नव्हतं. काठोकाठ भरलेला कप न्यावा तसा मला हातात धरून तो घरी चालत गेला.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उघडा पडून राहिलो. दोघांनीही बाकावर जाणं सोडलं. हॉइटची बायको लोरीन रोज म्हणायची, एकदाचा मिट तो, कुणाला तरी लागेल. हॉइटचं उत्तर ठरलेलं, मी नाही उघडला. मग ज्याने उघडला त्याला बोलाव, असं ती म्हणाली की तो फोन उचलायचा, माझ्याकडे बघायचा आणि खाली ठेवायचा. मला त्याची फार कीव यायची.

लोरीनला मात्र रिकामं बसलेलं काही खपत नाही, मग तो नवरा असो की चाकू. तिने मला कामाला लावलं. टोमॅटो, मग सफरचंदं, हिवाळ्यात लिंबं. काम झालं की पुसायची आणि तेलाचा एक थेंब लावायची. एकेक डाग पुन्हा पात्यावर वस्तीला आला.

तिकडे आर्लिसच्या कोंबड्या अंडी देईनात. गाडी सुरू होईना. मासे धरताना त्याला शिंक आली आणि कवळी ओढ्यात गेली. या सगळ्याचं खापर त्याने न मिटता उघड्या पडलेल्या माझ्यावर फोडलं. अकराव्या महिन्यात, एका दुपारी, तो टोपी हातात घेऊन मागच्या दारात उभा राहिला.

“मिटायला आलोय,” तो म्हणाला. “दातसुद्धा गेले. आता आणखी काय जायची वाट बघू?”

हॉइटने नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. आर्लिसने मला उचलून उजेडात धरलं. करडी झाक बघून तो चपापला.

“हे कुणी केलं?”

“टोमॅटोंनी,” लोरीन म्हणाली. “तुम्ही दोघं रुसून बसला होतात. कुणीतरी काम करायला नको?”

आर्लिस मान खाली घालून म्हणाला, “चुकलं माझं, हॉइट. मला वाटलं होतं, तुला आवडेल.”

“ते मला तेव्हाच कळलं होतं,” हॉइट म्हणाला. “तोंडातून मात्र भलतंच निघालं.”

मग आर्लिसने मला मिटलं. कट्! अकरा महिन्यांनी तो आवाज ऐकून मला जो आनंद झाला, तो कसा सांगू?

लोरीनने केलेली पीचची मिठाई खाऊन आर्लिस निघाला, तेव्हा हॉइटने मला उघडलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

“अरे, मिट की,” आर्लिस म्हणाला.

“शनिवारी मिटेन. बाकावर घेऊन ये.”

आर्लिस बोळकं उघडून हसला. त्या शनिवारी हॉइटने मला मिटलं, आणि आर्लिसने लगेच उघडून परत त्याच्या हातात दिलं. तेव्हापासून हे असंच चाललं आहे. मी एक आठवडा या खिडकीत असतो, एक आठवडा त्या खिडकीत. खिशातला चाकू म्हणून माझा काही उपयोग उरलेला नाही, कारण उघडा चाकू खिशात घालणार कोण? पण मी कुरकुर करत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला ओला ठेवू नका, तेलाचा थेंब द्या आणि त्याचे डाग राहू द्या. आणि मित्रावर रागावून तरातरा उठला असाल, तर अकरा महिने घालवू नका. उद्या शनिवार आहे. आर्लिस मला मिटणार आहे, आणि इथे हॉइट आतापासूनच टोपी शोधतो आहे.