विमानाचा प्रसाद

गोवा घटकराज्य होऊन दुसरं वर्ष चाललं होतं. ऑक्टोबरात एकाच दिवशी देशात दोन विमानं पडली. माझा थोरला भाऊ कृष्णनाथ पुढच्या शुक्रवारी दाबोळीहून निघणार होता, मुंबईमार्गे बहरीनला. मुळगावच्या खाणीवरचं त्याचं मेकॅनिकचं काम सुटलं होतं आणि व्हिसाची मुदत महिनाअखेर संपत होती.

विमलावयनीनं पेपर माझ्यासमोर टाकला. "भावजी, एका दिसात दोनय पडली. तां काय उगीच?"

"उगीचच. आणि देवान उजवी पाकळी दिली मां?"

आमच्याकडे देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावून प्रश्न विचारतात, त्याला प्रसाद लावणं म्हणतात. उजवी आधी सुटली की होकार.

"आमी नोकरीचां विचारलां. विमानाचां खंय विचारलां? उद्या परत प्रसाद लावतंय."

डावी सुटली असती तर कृष्णनाथ राहिला असता. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. मी जमिनीवर खडूनं छत्तीस चौकोन आखले, एकेक चौकोन म्हणजे एक दिवस, आणि पडणारी विमानं म्हणून कुळथाचे छत्तीस दाणे डोळे मिटून उधळले. बारा चौकोन रिकामे राहिले. एकात मात्र चार दाणे पडले.

"ह्या चौगांक कोणी आमंत्रण दिलां?" मी विचारलं.

तिनं स्वतः तीनदा उधळून पाहिलं. दर वेळी कुठे दाटी, कुठे काहीच नाही.

"बीएस्सीक ह्यांच शिकवतत?" ती हसली. मग थांबली. "मगे ती उजवी पाकळी? तीय अशीच पडली?"

"प्रसादाचां वेगळां," मी म्हणालो.

"वेगळां कित्याक?"

मी खडू खिशात टाकला. तिनं दाणे गोळा केले, फडक्यानं चौकोन पुसले.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेलीच नाही. दुपारी कृष्णनाथ तिकीट घेऊन आला. चपला काढायच्या आधीच त्यानं विचारलं, "गेलंस मगे देवळात? काय दिलान देवान?"

दोन दिवस तो ताटावरून अर्धवट का उठत होता, ते मला तेव्हा कळलं.

"उजवी," वयनी म्हणाली.

"फूल हाडलंस?"

"हाडलंय. थांबा."

ती मागच्या दारानं गेली. खिडकीतून मला दिसलं, तिनं विहिरीकडच्या झाडाची एक अबोली खुडली, तिच्यावर पाणी शिंपडलं आणि आत आणून त्याच्या ओंजळीत ठेवली. कृष्णनाथनं ती दोन्ही डोळ्यांना लावून पासपोर्टात ठेवली.

"आता वाढ," तो म्हणाला. "भूक लागली."

वयनीनं वाढलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.