शोभाताईंची स्कुटी

"आजी, हातगाडी! डावीकडं!"

मयुरानं मागून झेप घेऊन हँडल उजवीकडे ओढलं. शोभाताईंनी तेवढ्याच हट्टानं डावीकडे. स्कुटी दोघींमध्ये चक्रावली आणि भांडीवाल्या नत्थूच्या हातगाडीला भिडली. इतवारी बाजाराच्या गल्लीभर स्टीलची भांडी खणखणत लोळली.

"दिसत नाही का गा तुले, नत्थू? एवढी बाई येऊन राह्यली!"

"मी तं उभाच होतो, मावशी."

उभाच होता. तेच त्यांना झोंबलं. काचबिंदूनं नजरेची डावी बाजू खाल्ली, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. शोभाताईंनी दोनदा डॉक्टर बदलला. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं त्या स्वतः गाडी चालवत आपल्या दुकानात येत. कुणाच्या मागं बसून आलेली बाई दुकानात मालकीण उरत नाही, असं त्यांचं पक्कं मत.

"काहून ओढलं वं हँडल?" त्या नातीवर घसरल्या. "विमान शिकून राह्यली म्हणून माह्या गाडीलेही हात लावशील?"

मयुरा कोपर झटकत म्हणाली, "तिथं असं ओढलं असतं तं मास्तरनं हाकललं असतं मले. स्टिअरिंग दोघांसमोर राहते, पण उडवते एकच. मास्तर म्हणते, 'आय हॅव कंट्रोल.' आपण 'यू हॅव कंट्रोल' म्हणाचं अन् हात काढाचा. तोंडानं म्हणाचंच. नाही तं दोघंही ओढतात, नाही तं दोघंही सोडतात."

"अन् आपलंच बरोबर असलं तं?"

"भांडण खाली उतरल्यावर."

"माह्या घरात म्हणून पाहावं कोणी असं!"

भांडी उचलून झाली. शोभाताईंनी पुन्हा गाडी सुरू केली. बोटं ब्रेकवर चुळबुळत होती. मागं टेम्पोचा हॉर्न, समोर रिक्षा, आणि डावीकडे नुसतं धुरकट. त्या धुरकटातून डोक्यावर गठ्ठा घेतलेली एक बाई एकदम हातभर अंतरावर उगवली. कुठून आली, शोभाताईंना कळलंच नाही.

त्यांनी गाडी बंद केली.

"म्हण."

"काय म्हणू?"

"तुह्या मास्तरचं. लवकर म्हण, टेम्पोवाला बोंबलून राह्यला."

मयुरा हळूच म्हणाली, "आय हॅव कंट्रोल."

ते इंग्रजी शोभाताईंना जमण्यातलं नव्हतं, आणि जमवायचंही नव्हतं. "घे," त्या म्हणाल्या. "तुह्याकडं गाडी." आणि हात काढले. उतरून मागं बसल्या.

दुकानापाशी शेजारचे चंपतराव ओट्यावरून ओरडले, "काय शोभाताई, आज मागं?"

"पायलट ठेवली, चंपतराव!"

सगळे हसले. त्याही हसल्या. हात मात्र कुठं ठेवावे ते कळेना. त्यांनी पदर नीट केला. मग, तो नीटच असताना, पुन्हा नीट केला.