ठमीच्या डोक्यातला गोवर

ठमीच्या हातून पहिला पेला पडला तेव्हा आई तिच्यावर खेकसली. आठवडाभरात चौथा पडला, तेव्हा आईच्या लक्षात आलं की पेला सुटण्याआधी ठमीचा खांदा झटका बसल्यासारखा उडतो. शाळेतूनही निरोप आला होता, नऊ वर्षांची पोर पाढे विसरायला लागली आहे.

आई विषाणूंच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं नमुने तपासत होती. विषाणूंची घराणी तिला सोयऱ्याधायऱ्यांसारखी पाठ होती. डीएनएवाले कोण, आरएनएवाले कोण, कुणाला बाहेरून चरबीचं आवरण, कोण नुसतेच प्रथिनांच्या कवचात. म्हणून मेंदूच्या डॉक्टरांनी "लहानपणी गोवर झाला होता का हो?" एवढंच विचारलं आणि त्यांना कसली शंका आहे ते तिनं ओळखलं: मेंदूत वर्षानुवर्षं दडून राहिलेला गोवर, ज्यातून मूल वाचत नाही.

झाला होता. सात महिन्यांची असताना. लस नवव्या महिन्यात द्यायची होती.

ठमीच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला आईच्याच प्रयोगशाळेत आलं. तिला त्या टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. दुपारी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कागद घेऊन आली आणि तिच्याजवळ बसून राहिली. कागद वाचायची गरजच पडली नाही.

घरी ठमीनं विचारलं, "मला काय झालंय? खरं सांग. बाबा नुसते नाक पुसतात."

आईनं खरं सांगायचं ठरवलं. निदान अर्धं.

"तुझ्या डोक्यात गोवराचा विषाणू बसलाय. तू बाळ होतीस तेव्हापासून."

"एवढी वर्षं काय करत होता?"

"स्वतःच्या नकला. त्याच्याजवळ फक्त एक धागा असतो. स्वतःला कसं बनवायचं ते त्यावर लिहिलेलं. पण बनवायला त्याला ना हात, ना हत्यारं. मग तो आपल्या पेशीत घुसतो आणि तिलाच राबवतो."

"लबाड! साबणानं धुऊन टाकू."

"बाहेर असता तर साबणानं मेला असता. त्याचा कोट चरबीचा, लगेच विरघळतो. पण तुझ्यातला नकला करता करता चुकत गेला. आता त्याला कोट घालून बाहेर पडताच येत नाही. या पेशीतून शेजारच्या पेशीत, एवढंच."

ठमी विचारात पडली. "म्हणजे माझ्यामुळे कुणाला होणार नाही?"

"नाही गं."

"मग बबीला बोलाव ना! मावशी घाबरत असेल म्हणूनच तिला पाठवत नाही."

आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

बबी म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीची, ताईची मुलगी. ठमी सात महिन्यांची असताना ताई बबीला घेऊन चार दिवस राहायला आली होती. तीन वर्षांच्या बबीला तेव्हा ताप होता, नाक वाहत होतं, डोळे लाल होते. लस टोचलेलीच नव्हती. "किती रडते गं, देऊ नंतर," ताई म्हणाली होती. बबीनं बाळाचे मनसोक्त पापे घेतले. बबीच्या अंगावर पुरळ उठलं ते तिसऱ्या दिवशी.

रविवारी दोघी आल्या. पत्ते ठमीच्या हातातून उडायचे, म्हणून बबीच तिचे पत्ते धरून बसली आणि दिसू नयेत म्हणून डोळे मिटून घेतले. ठमी खदखदून हसली.

ताईनं आईला गॅलरीत गाठलं. "तू यातली जाणकार. खरं सांग, तो गोवर आमच्या बबीमुळे झाला का?"

आईनं आत पाहिलं. बबी अजून डोळे मिटूनच होती.

"त्याच आठवड्यात मी ठमीला दवाखान्यात नेलं होतं, ताई. तिथे ढीगभर पोरं खोकत होती. कुठून आला, कोण सांगणार?"

"खरं ना?"

"खरं."

ताई तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. दवाखान्यात कुणीच गेलं नव्हतं.

पुढच्या वर्षभरात ठमीचं बोलणं गेलं, मग दिसणं, मग गिळणं. बबी दर रविवारी येऊन तिला गोष्ट वाचून दाखवायची. एका सकाळी बाबा तिचे केस विंचरत असताना ठमी गेली. ते बराच वेळ विंचरतच राहिले.

आई पुन्हा कामावर जाते. ताईचा फोन रोज संध्याकाळी येतो. आई तो बाबांना घ्यायला सांगते आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते.