न विचारता भरलेलं पातेलं

आमच्या रस्त्यावर खाण्याच्या अकरा गाड्या आहेत. समोरच्या इमारतीतली माणसं दुपारी खाली उतरतात आणि बाकड्यावर दाटीवाटीने बसून थोडक्या पैशांत पोटभर जेवतात. साहेब आणि शिपाई मांडीला मांडी लावून सूप ओरपतात. मला हे फार आवडतं, आणि माझ्या सूपला नाव ठेवलेलं मला अजिबात खपत नाही. कोंबडीच्या हाडांचं सूप, त्यात नूडल्स, भाज्या आणि वर तिखट. एवढंच करते, पण मन लावून करते.

शेजारची गाडी माझ्या धाकट्या जावेची. ती मासे तळते आणि बाजूला सूपही ठेवते. तिचा नवरा आणि माझा नवरा सख्खे भाऊ, पण गाडी लावायच्या जागेवरून दोघांत असं काही बिनसलं, की तीन वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. मग एका दुपारी ऐन गर्दीत माझं सूप तळाला गेलं. जाऊ काही न बोलता आली, तिच्या पातेल्यातलं सूप माझ्या पातेल्यात ओतलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी तिचं भरलं. भांडण तिथेच मिटलं. तेव्हापासून हा रिवाज पडला: जिचं कमी पडेल तिचं दुसरीने भरायचं, विचारायचं नाही आणि आभारही मानायचे नाहीत. विचारलं की परकेपणा आला.

माझ्या रोजच्या गिऱ्हाइकांत समोरच्या इमारतीतला एक तरुण होता, त्याला आम्ही चौकशीसाहेब म्हणायचो. खरं नाव मला ठाऊक नव्हतं. नूडल्स मऊ, कांद्याची पात नको, तिखट जास्त. पहिल्या दिवशीच त्याने सांगितलं होतं, की कोलंबीचा अंश जरी पोटात गेला तरी त्याचा घसा सुजतो आणि श्वास बंद होतो. लहानपणी एकदा मरता मरता वाचला होता. त्यानंतर रोज पार्सल घेताना विचारायचा, "मावशी, कोलंबी नाही ना?" मी वैतागायचे. एकदा तर फाडकन म्हटलं, की अरे बाबा, माझ्या गाडीवर कोलंबी आली तर मी तुला पत्र पाठवीन. तो हसला. हळूहळू त्याने विचारणं सोडलं, आणि मला वाटलं, बरं झालं, एकदाचा विश्वास बसला.

त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या नळावर पाणी भरायला गेले होते. परत आले तर पातेलं काठोकाठ भरलेलं. रिवाजाप्रमाणे मी जावेकडे बघितलंही नाही. सव्वाबाराला चौकशीसाहेब पार्सल घेऊन गेला. वीस एक गिऱ्हाइकं झाली असतील, आणि मी तळातलं ढवळलं तेव्हा पळीला लांब, लालसर मिशी चिकटून वर आली. कोलंबीची मिशी.

मी जावेला विचारलं. तिने मासे उलटता उलटता सांगितलं, की कोळीणबाई हल्ली कोलंबीची डोकी फुकट देते, ती हाडांबरोबर उकळली की सूपला गोडी येते. महिना दीड महिना झाला की. "का हो ताई, बिघडलं का काही?"

महिन्याभरात मला कितीतरी जणांनी सांगितलं होतं, की मावशी, तुमचं सूप हल्ली झकास लागतं. आणि मी हुरळून गेले होते. स्वतःच्या जिभेने एकदा दुपारचं सूप चाखून बघायची बुद्धी काही झाली नाही. सकाळी चाखलं की झालं, अशी माझी वर्षानुवर्षांची सवय.

मी पदर खोचला आणि जावेला म्हटलं, तुझं-माझं, दोन्ही पातेली बंद, एक थेंब कुणाला देऊ नकोस. रस्ता ओलांडताना एक मोटार इतक्या जवळ थांबली, की तिच्या इंजिनाची ऊब मांडीला लागली. चालकाने दिलेली शिवी मी नंतर आठवून ऐकली.

दारावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, कुणाकडे जायचंय. नाव काय? मी सांगितलं, मऊ नूडल्स, पात नको, तिखट जास्त. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. सहा मजली इमारत, आणि ज्या माणसाला मी दोन वर्षं जेवू घातलं त्याचं नाव मला माहीत नव्हतं. मला रडू फुटलं. चष्मा, डाव्या गालावर तीळ, चालताना खांदा थोडा वाकडा, असं काय काय बडबडले. तेवढ्यात त्याला ओळख पटली. नकाशे काढणाऱ्यांच्या कचेरीतला, तिसरा मजला, तो म्हणाला.

लिफ्ट वर अडकून बसली होती. मी जिना धरला. दुसऱ्या मजल्यावर छातीत कळ आली, पण थांबायची हिंमत झाली नाही. वर कुणी धावतंय का, कुणी कुणाला हाका मारतंय का, हे कान देऊन ऐकत चढले. काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटली. सगळं होऊन गेलं असेल तर?

मोठ्या खोलीत लांबट टेबलं, त्यांवर कागदांची भेंडोळी. तो खिडकीजवळ बसला होता. डब्याचं झाकण उघडं, चमचा सुपात. मी लांबूनच म्हटलं, "खाऊ नकोस." त्याचा हात थांबला. अजून एक घासही गेला नव्हता. साहेबांनी त्याला काहीतरी दुरुस्त करायला बसवून ठेवलं होतं, तो आत्ताच मोकळा झाला होता.

येताना जिन्यात मनात आलं होतं, की मीठ जास्त पडलंय म्हणून सांगावं आणि डबा उचलावा. गाडीचं नाव राहील, जावेचंही. पण त्याच्याकडे बघून खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं: मिशी, डोकी, आमचा रिवाज.

तो रागावला नाही. डब्याचं झाकण सावकाश लावलं आणि विचारलं, "याआधी किती वेळा झालं असेल?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. आम्ही विचारत नाही, मोजत नाही.

त्याने डबा हाताने दूर सारला. मग म्हणाला, "मावशी, तीन आठवड्यांपूर्वी मी दोन दिवस हॉस्पिटलात होतो. श्वासासाठी घशात नळी घालावी लागली. आईला वाटलं, त्या दिवशी ऑफिसात कुणीतरी केक वाटला होता, त्यातच काहीतरी असणार. तेव्हापासून मी बाहेरचं सगळं सोडलं. फक्त तुमच्याकडचंच खातो."

मी डबा उचलून घेतला. कशीबशी म्हणाले, उद्यापासून माझ्याकडचंही खाऊ नकोस.

"मग कुठे खाऊ?" त्याने विचारलं. टोमणा मारत नव्हता तो. त्याला खरंच उत्तर हवं होतं, आणि तो माझ्याच तोंडाकडे बघत होता.