बारावं घर

सकाळी दहा चाळीसला टीव्हीवरच्या पट्टीत ती ओळ आली. मी प्रांजलला उपमा भरवत होते. 'नौदलाचे लढाऊ विमान जहाजावर उतरताना समुद्रात कोसळले, वैमानिकाचा शोध सुरू.' पट्टी पुढे सरकली, क्रिकेटचा स्कोअर आला, मग पुन्हा तीच ओळ.

"इंद्रजीतचंच जहाज का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"तसलं सध्या बाहेर एकच आहे, आई."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. चित्रं चालूच राहिली.

माझा नवरा इंद्रजीत जहाजाच्या डेकवरून उडणारा वैमानिक. तो समुद्रावर गेला की मी गोव्याचं क्वार्टर बंद करून लेकीला घेऊन इथे करंजाड्याला, त्याच्या आईबाबांकडे येते. उतरताना हे लोक वेग कमी करत नाहीत, उलट वाढवतात. विमानाच्या शेपटीखालचा हुक डेकवर ताणलेल्या तारेत अडकला तर थांबायचं, नाही अडकला तर पुढे पाणीच असतं, म्हणून परत वर उडण्याइतका जोर आधीच लावून ठेवायचा. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी त्यानं हे मला पोळपाट आणि चमचा घेऊन समजावलं होतं. खवळलेल्या समुद्रात डेक कसं खालीवर होतं ते दाखवायला तो पोळपाट हलवत होता. चमचा दोनदा खाली पडला. तो हसला. तो चमचा मी अजून वापरत नाही.

तीन दिवसांपासून कमी दाबाचा पट्टा होता. मोबाईलवर लाटांचा नकाशा उघडून मी दर तासाला बघत होते. पिवळा, मग नारिंगी, काल संध्याकाळपासून जांभळा.

आता फोन हातात घेतला, पण कुणाला लावला नाही. तो आमचा नियम आहे. दोन वर्षांपूर्वी अशीच एक अफवा उठली तेव्हा आम्ही बायकांनी एकमेकींना फोन करून करून जीव खाल्ला होता. मितालीला तासाभरात नऊ फोन आले. ती म्हणाली, प्रत्येक रिंगला मी एकदा विधवा झाले. तेव्हापासून ठरलं: काही झालं तर फोन मोकळा ठेवायचा. तळावरच्या ऑफिसातून एकेका घरी फोन येतो, 'सर सुखरूप आहेत' एवढंच सांगतात, दुसऱ्या कुणाबद्दल एक शब्द नाही. तो आला की ग्रुपवर आपण आज कोणती भाजी केली ते लिहायचं. 'सुखरूप' हा शब्द लिहायला कुणाचाच हात धजत नाही.

अकरा वीसला पहिली आली. 'दुधी.' मग 'राजमा'. मग 'भेंडी'.

मी ओटा पुसला. फ्रिज पुसला. प्रांजलची बाटली दोनदा उकळली. बाराला आठ झाल्या, सव्वाबाराला नऊ. उरलो मी आणि मिताली.

मिताली गोव्यात माझ्या भिंतीपलीकडे राहते. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी माझ्या समजून मोजते, इतकं आमचं जवळ आहे. ती आत्ता फोन समोर ठेवून बसली असणार, पाय हलवत. आणि मोजत असणार, माझ्यासारखीच. नऊ झाल्या. दोघींतली एक.

बारा चाळीसला माझा फोन वाजला. तळाचा नंबर मला पाठ आहे. "मॅडम, सर सेफ हैं." मी थँक्यू म्हणाले आणि खाली फरशीवर बसले.

सासूबाईंनी देवापुढे हात जोडले आणि लगेच वळल्या. "टाक आता ग्रुपवर. वांगं केलंय म्हणून टाक."

"नाही."

"का?"

"मी टाकलं तर ती एकटी राहील, आई."

त्यांनी गॅस बंद केला. मग माझ्यासमोर फरशीवरच बसल्या, गुडघे धरून. "मग किती वेळ अशी बसणार?"

"तिचा येईपर्यंत."

आणि नाहीच आला तर, हे आम्ही दोघीही बोललो नाही. मला लाज वाटत होती, आपण सुटल्याची. इंद्रजीत आहे, म्हणजे अपूर्व नाही. मितालीचा अपूर्व. त्याच्या हातची कॉफी मी शंभरदा प्यायले असेन.

एक वाजून पाच मिनिटांनी ग्रुपवर मितालीचं आलं: 'पालक. रुचिरा, तू??' मागोमाग तिनं नियम मोडून फोनच लावला.

"अगं, मला साडेबारालाच आला होता फोन. तू टाकत नव्हतीस म्हणून मी थांबले. जीव गेला माझा."

"मी तुझ्यासाठी थांबले."

"वेडी आहेस का?" म्हणाली आणि रडायला लागली. मीही. मग 'वांगं' लिहिलं आणि ग्रुपवर अकरा जणींची एकदम झुंबड उडाली, हात जोडलेले, हृदयं, फुलं.

सासूबाई मात्र अजून खालीच बसलेल्या. "सगळे सुखरूप?"

"सगळे."

"मग पडलं कोण?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ग्रुपवर अकरा बायका. वैमानिक बारा. दोन वर्षांत एकीच्याही लक्षात आलं नव्हतं की आम्ही फक्त लग्न झालेले मोजतो.

जीवन. सव्वीस वर्षांचा, अजून लग्न न झालेला, उरणजवळच्या करंज्याचा. मासेमारी करणाऱ्यांच्या घरातला, मला वहिनी म्हणणारा. सुट्टीवरून येताना सुके बोंबील आणायचा, आणि अख्ख्या बिल्डिंगला कळायचं की जीवन आला. गेल्या शिमग्याला आम्हाला घरी जेवायला घेऊन गेला होता. त्याची आई ठमाबाई प्रांजलला मांडीवर घेऊन भात भरवत होती, काटा काढून काढून, स्वतः न जेवता.

करंजा इथून तास-सव्वा तासावर. आमच्यातली एवढ्या जवळ मीच होते.

"तू जाऊन सांगणार काय?" सासूबाई म्हणाल्या. "तुला तरी काय माहीत आहे?"

"सांगणार नाहीच. ऑफिसच्या आधी सांगायचं नसतं. शेजारी जाऊन बसू नये असं कुठे ठरलंय?"

"पोरीला ठेव माझ्याकडे."

ठेवायला हवं होतं. पण त्या दिवशी माझ्याच्यानं प्रांजल नजरेआड करवेना. बाबांची गाडी काढली, तिला मागच्या सीटवर बांधलं. उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक उभे, मध्ये चिंचोळी वाट. दर सिग्नलला मी मागे वळून तिचा श्वास बघत होते. झोपली होती. खाडीच्या कडेची झाडं एकाच बाजूला वाकली होती. वाटेत तीनदा वाटलं, परत फिरावं. ही बाई मला विचारेल, आणि मला खोटं बोलता येत नाही.

बंदरात होड्या एकमेकींना खेटून बांधलेल्या. वाऱ्यामुळे कुणी बाहेर पडलं नव्हतं. ठमाबाई घरामागच्या वाळवणात सापडल्या. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवरून सुके बोंबील भराभर ओढून टोपलीत टाकत होत्या.

"अगो बाय, तू? या वाऱ्याची? पोरीला घेऊन?"

"सहजच आले. उरणला काम होतं."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. प्रांजलला माझ्या कडेवरून घेऊन उलट्या टोपलीवर बसवलं. "आलीस त हात लाव. पाऊस येतंय, भिजले की गेले."

मी दोऱ्या रिकाम्या करू लागले. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवलेले होते, बोटांना दात लागत होते.

"जीवनचा फोन आलेला का?" मी विचारलं.

"परवा. बोलला, आये, लाटा मोठ्या हायत. मी बोलले, मंग कशाला उडतंस? इतं वारा सुटला की आमी होडी काढत नाय. तुमचे सायब विमान काढतात." मग थांबून, "तू शिकलेली हायस. तू सांग, कशाला काढतात?"

"शत्रू वारा बघून येत नाही म्हणतात."

"तुला पटतंय?"

मी पुढची दोरी ओढली. टोपली भरत आली होती.

"फोन कुठाय तुमचा?"

"घरान. चार्जिंगला. इतं पाणी लागतंय, मासळीचे हात." मग त्यांचे हात थांबले. "का गो?"

पहिले थेंब पडले. आम्ही टोपली आणि प्रांजलला घेऊन आत आलो. फळीवर फोन होता. मी उचलला. सात मिस्ड कॉल, सगळे एकाच नंबरचे. पहिला सकाळी अकराचा. आम्हा सगळ्यांच्या आधी त्यांनी या घरी फोन लावला होता.

"हा तळाचा नंबर आहे," मी म्हणाले. "सकाळी विमान पडलंय एक. ह्याहून जास्त मला माहीत नाही, खरंच."

ठमाबाईंनी ओले हात पदराला पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या. मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "लाव. आवाज मोठा कर. आन तू माज्याजवळ ये."

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, भरभर. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. तार तुटली. विमान डेकवरून पुढे पाण्यात गेलं. जीवन त्याआधी खुर्चीसकट बाहेर उडाला. हेलिकॉप्टरनं त्याला वर घेतलं. पाठीच्या मणक्याला मार आहे, शुद्धीवर आहे, बोलतोय.

"जिता हाय?"

"आहे. बोलतोय."

"विचार, पान्यान किती येळ व्हता."

मी विचारलं. अकरा मिनिटं.

"एकटा?"

"एकटाच."

त्यांनी मान हलवली. डोळे कोरडेच होते. पण दारातून बंदराकडे बघत राहिल्या, आणि मला कळलं की त्या अकरा मिनिटं तिथेच उभ्या राहणार आहेत. प्रांजल टोपलीतून बोंबील काढून फरशीवर ओळीनं मांडत होती. मी तिला अडवलं नाही.

मग त्यांनी चुलीवर भात ठेवला. मी फोन काढून ग्रुपवर लिहिलं: 'सुके बोंबील. करंजा.' पहिला प्रश्न मितालीचाच आला, 'म्हणजे जीवन?', आणि मग एकेक करून बाकीच्यांच्या लक्षात आलं असावं की बाराव्याला आपण मोजलंच नव्हतं, कारण बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.

निघताना ठमाबाईंनी वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं माझ्या हातात दिलं. "तुजा नवरा परत कदी उडतंय?"

मी लाटांचा नकाशा बघितला. अजून जांभळाच.

"आज तर सगळं बंद असेल. उद्या सकाळी, कदाचित. वारा असला तरी."

"मंग उद्या फोन कमरेला बांदीन," त्या म्हणाल्या. "तुज्या नवऱ्याचा निरोप आला की मना लाव. भाजीबिजी नको सांगू. नाव सांग."

गाडीत पुडक्याचा वास भरला. मी काच थोडी खाली केली, मग प्रांजलला वारा लागेल म्हणून पुन्हा वर केली, मग पुन्हा खाली.